अंदाजे म्हणायचं नाही

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी ऑफिसात समोसे आले, हार आला, शाल आली. फक्त बाई आल्या नाहीत. त्या वरुणा नदीकाठच्या एका अंगणवाडीत पोरांची वजनं करत बसल्या होत्या. फोन केला तर म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत नोकरीत आहे ना मी? मग पाच वाजेपर्यंत काम करू दे. शाल साहेबांनाच घाला, त्यांना थंडी फार वाजते." साहेबांनी शाल कपाटात ठेवली आणि समोसे आम्ही खाल्ले. मीही खाल्ले, चांगले दोन खाल्ले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण त्याला समोसे हे एकच कारण नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याची रेल्वेतली बदली बनारसला झाली म्हणून इकडे आले, आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून बालविकासच्या एका प्रकल्पात कंत्राटी नोकरी धरली. काम असं, की अंगणवाड्यांत जायचं, सहा वर्षांच्या आतल्या पोरांची वजनं आणि जन्मतारखा मोबाइलमधल्या ऍपमध्ये भरायच्या. ऍप मग रंग दाखवतं. हिरवा म्हणजे पोर ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा. लाल आला की चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठी दाखवली की सरकारी दवाखान्यातल्या पोषणाच्या वॉर्डात आईसकट पोराला खाट मिळते. चौदा दिवस दूध, औषध, सगळं वेळच्या वेळी. लाल नाही तर चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नाही तर खाट नाही.

बाई आमच्या सुपरवायझर. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत पाच-सहा पिढ्या राहिलेल्या मराठी भिक्षुकाच्या घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. महाराष्ट्रात उभ्या आयुष्यात दोनदा गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा म्हणे पाणी बाधलं. त्यांच्या मराठीत 'मतलब' आणि 'बिल्कुल' तर असायचंच, पण मधूनच 'अगो' असं काहीतरी निघायचं, जे माझ्या आजीनंही कधीच सोडून दिलं होतं. पहिल्या दिवशी मी कौतुकानं म्हटलं, "अय्या, तुम्ही मराठी!" तर वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "हो. तुला काटा वाचता येतो का ते सांग."

त्यांच्या खांद्याला एक कॅनव्हासची पिशवी असायची आणि तिच्यात पाट्याचा वरवंटा. आईचा. चौकातल्या सराफाच्या काट्यावर वजन करून घेतलेला, दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. कुठल्याही अंगणवाडीत गेल्या की टांगत्या काट्याच्या झोळीत आधी वरवंटा बसायचा, मग पोरं. काटा दोन-तीनशेचाळीसवर थांबला नाही तर त्या दिवशी वजनं नाहीत. काटा दुरुस्त होऊन येईपर्यंत बाई तिथेच फतकल मारून बसणार. एकदा अंगणवाडीच्या एका कार्यकर्त्रीनं हसून म्हटलं, "दीदी, पचास ग्राम से क्या होता है?" झालं! बाईंनी तिला सगळ्या आयांसमोर उभं करून पन्नास ग्रॅम साखर तळहातावर ओतली. "ये देख. ये तेरे को कुछ नहीं लगता? ये जो झोली में है, इसके बाप से पूछ." पोरं त्यांना 'लोढावाली दीदी' म्हणायची, कारण वरवंट्याला इकडे लोढा म्हणतात. कार्यकर्त्र्या पाठीमागे काय म्हणायच्या ते लिहिण्यासारखं नाही.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. 'जवळपास', 'साधारण', 'होगा कुछ' हे त्याचे भाऊबंदही चालायचे नाहीत. कुणी म्हटलंच की त्या दिवशीची सगळी वजनं पुन्हा पहिल्यापासून. मी सुरुवातीला एकदा बोलून बसले आणि साठ पोरं दुसऱ्यांदा तोलली. साठावं पोर माझ्या पदरावर मुतलं. बाई म्हणाल्या, "आता पुन्हा तोल. हलकं झालं असेल."

आणि वयाच्या बाबतीत तर विचारूच नका. वजन ही अर्धीच गोष्ट. आठ किलोची पोर सव्वा वर्षाची असेल तर निभेल, दोन वर्षांची असेल तर धावायला हवं. पण ज्यांची बाळंतपणं गावी घरातच झाली आणि ज्यांचे कागद पुरात गेले, त्या बायका तारीख कुठून सांगणार? तिथे बाई आयांशी तासतासभर गप्पा मारायच्या. पोर झालं तेव्हा गंगा चढत होती का उतरत होती? राजा घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या होत्या? बाजारात अमरूद आले होते का? सासूचा कुठला उपास चालला होता? असं विचारत विचारत बाई तारखेवर येऊन पोचायच्या आणि नंतर कधी कागद सापडलाच तर तीच तारीख निघायची. मला ते सगळं वेळखाऊ वाटायचं. माझ्या मोबाइलमध्ये मागच्या पाच वर्षांची पंचांगं होती, आपली, मराठी. तिथी कळली की तारीख एका मिनिटात. मी मनात म्हणायची, म्हातारीला नवीन काही नको.

पोरांचे लाड मात्र त्यांनी कधी केले नाहीत. कडेवर घेणं नाही, गालाला हात लावणं नाही. पोर झोळीत भोकाड पसरायचं आणि बाई काट्याकडे बघत उभ्या. मी एकदा म्हटलं, "बाई, जरा चुचकारा की." तर म्हणाल्या, "चुचकारायला त्याला आई आहे, आजी आहे, आख्खा मोहल्ला आहे. मापणारं कुणी नाही." तेव्हा मला वाटलं, काळजाच्या जागी पण वरवंटाच असणार.

एका नवरात्रात ओळखीच्या एका बड्या घरी कन्यापूजन होतं. इकडे अष्टमी-नवमीला नऊ लहान मुलींना देवी मानून त्यांचे पाय धुतात, हलवा-पुरी-चणे वाढतात. यजमानीणबाईंनी मुली आणवल्या होत्या नदीकाठच्या वस्तीतून, कारण आपापल्या घरच्या मुली त्या दिवशी दहा ठिकाणी बोलावलेल्या असतात. मी आणि बाई पाहुण्या म्हणून गेलेलो. पाय धुऊन झाले, कुंकू लावून झालं, लाल ओढण्या घालून झाल्या. यजमानीण हात जोडून डोळे मिटून उभी, आणि बाईंनी पर्समधून दंड मोजायची पट्टी काढली. पाच वर्षांच्या आतल्या तिघी होत्या. एकेकीचा दंड धरून पट्टी गुंडाळली. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत म्हणजे लाल.

"अहो बाई, हे काय? देवीला पट्टी?" यजमानीणबाई मराठीच होत्या, त्यांना घामच फुटला.

"देवीचा दंड अकरा सेंटीमीटर भरला," बाई म्हणाल्या. "ही दुसरी देवी सव्वाअकरा. तिसरी बरी आहे. तुम्ही पूजा चालू ठेवा."

मग त्यांनी त्या दोघींच्या पानातल्या तळलेल्या पुऱ्या काढून घेतल्या, स्वैपाकघरात जाऊन स्वतः मऊ खिचडी टाकली, वर चमचाभर तूप सोडलं आणि चारचार चमचे करून भरवायला मला बसवलं. इतक्या सुकलेल्या पोटाला एकदम पुऱ्या घातल्या तर ते उलटतं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या घरचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही, मला वाटलं. तिथला हलवा चांगला असायचा.

आता आमच्या साहेबांबद्दल. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे, पण मी म्हणणार नाही. साहेबांना पोरं नको होती, रंग हवे होते. दर महिन्याच्या बैठकीत एकच पालुपद, "लाल कम कीजिए." कसं, ते कधी सांगायचे नाहीत. फार खोदून विचारलं तर हसायचे. "अरे भाई, बच्चा हिलता है, काँटा भी हिलता है. थोड़ा एडजस्ट कीजिए." मी त्या बैठकांना बसलेली आहे. मीही हसलेली आहे.

बाई दर अंगणवाडीत पोरांसाठी आलेल्या दलियातला मूठभर शिजवून स्वतः खायच्या. "मी खाल्लं नाही तर पोरांना वाढायचं नाही" असा त्यांचा कायदा. त्या निवृत्त व्हायच्या आधीच्या शरदात आलेल्या पोत्यांत जाळी धरलेली होती, अळ्या होत्या. बाईंनी तीनदा लिहून कळवलं. उत्तर नाही. मग लखनौहून मोठे साहेब तपासणीला आले, त्या दिवशी दुपारी चहाच्या जागी बाई पळसाच्या पानांचे दोने, म्हणजे आपले द्रोण, घेऊन आत गेल्या. प्रत्येकापुढे एकेक दोना ठेवला. गरम दलिया, वर साखर. मोठ्या साहेबांनी चमचा भरला, तोंडाशी नेला आणि थांबले. बाई म्हणाल्या, "खाइए सर. बच्चे रोज खाते हैं."

दुसऱ्या दिवशी पोती बदलली आणि बाईही. त्यांना फील्डवरून काढून तीन आठवड्यांसाठी ऑफिसच्या मागच्या गोदामात बसवलं, जुनी रजिस्टरं लावायला. तिथे त्या नाकाला पदर लावून धूळ झटकत बसायच्या. आणि वरुणेकाठच्या वस्तीतला वजन दिवस साहेबांनी माझ्या अंगावर टाकला. "आप तो पढ़ी-लिखी हैं. जल्दी निपटा देंगी." मला बरंही वाटलं. वरवंटा नाही, गंगेच्या पायऱ्या नाहीत, एका दुपारी सगळं उरकेल.

देवदिवाळी, म्हणजे इकडे कार्तिक पौर्णिमा, होऊन आठवडा झाला होता. घाटांवरच्या पणत्यांचे ढीग अजून कोपऱ्यांत पडलेले. वस्तीत चाळीस-बेचाळीस पोरं रांगेत, काटा कडुनिंबाला टांगलेला, आया ओरडतायत, कार्यकर्त्री फोनवर. मल्लाह म्हणजे नावाड्यांच्या घरातल्या एका म्हातारीच्या कडेवर एक पोर होती, तिला गुडिया म्हणायचे. पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं होतं, त्यात पोरीचे सगळे कागद गेलेले. जन्म आईच्या माहेरी, गावात. झोळीत ठेवली तर पोर रडलीसुद्धा नाही. बघत राहिली नुसती. काटा बरोबर आठ किलोवर थांबला.

"अम्मा, जनम कब का है?"

म्हातारीनं एका दमात सांगितलं. "अगहन, अन्हरिया पाख, छठ. परसों दू बरिस पूरा हो गयल."

अगहन म्हणजे मार्गशीर्ष, अन्हरिया पाख म्हणजे वद्य पक्ष. मी मोबाइलवरचं पंचांग काढलं. दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष, वद्य षष्ठी, ही घ्या तारीख. पण दोन वर्षं परवाच कशी पूर्ण झाली? आमच्या पंचांगात अजून कार्तिक चालू होता. मी हसून म्हटलं, "अम्मा, अगहन तो अभी लगा ही नहीं. आप भूल रही हैं. अभी एक महीना बाकी है."

म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दिवसाला रात्र म्हणतेय. "लगल हौ ना?" ती म्हणाली. मग कार्यकर्त्रीकडे बघितलं. कार्यकर्त्रीला ठाऊक होतं अगहन लागलाय ते, का नसणार? पण पिवळा आला तर तिचीही कटकट वाचते, ती फोनमध्ये तोंड घालून राहिली. मागून रांग ढकलत होती. म्हातारी हळूच म्हणाली, "आप पढ़ल-लिखल हईं." आणि पोरीला झोळीतून उचललं.

मी ऍपमध्ये तारीख भरली. तेवीस महिने, आठ किलो. पिवळा. एक महिना जास्त असता तर लाल. नवीन कार्डावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'आयु – 23 माह', आणि पोरीच्या मुठीत दिलं. साहेबांनी संध्याकाळी यादी बघून शाबासकी दिली. "देखा, इस बस्ती में लाल एक भी नहीं. आप फील्ड में ही रहिए."

तीन आठवडे भरायच्या आतच साहेबांना गोदामात बाईंचा कंटाळा आला असावा, कारण त्या रजिस्टरं लावता लावता वाचायला लागल्या होत्या. त्यांना परत बोलावलं. पहिल्याच सकाळी त्यांनी माझं रजिस्टर मागितलं. मी चहा आणायला उठले आणि हाक आली.

"ए, इकडे ये. ही पोर कधीची म्हणालीस?"

"अगहन वद्य षष्ठी."

"कुणी सांगितलं?"

"आजीनं."

"आणि तू तारीख कुठून काढलीस?"

मी मोबाइल दाखवला. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा चेहरा असा पांढरा झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

"अगो गाढवे! हे आपलं पंचांग आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्ष आला की हे एक महिना पुढे. देवदिवाळी झाली की दुसऱ्या दिवशी आपला कार्तिक वद्य आणि यांचा अगहन! उंबऱ्याच्या आत एक महिना, उंबऱ्याबाहेर दुसरा. मुंजीच्या वयापासून येतं हे आमच्या पोरांना. देवदिवाळीनंतर सहाव्या दिवशी जन्मलेली पोर आहे ती. आख्ख्या काशीनं दिवे लावले, तुला दिसले नाहीत?"

मी म्हटलं, "बाई, एकच महिन्याचा तर..."

बाईंनी बोट त्या ओळीवर ठेवलं. "आठ किलो. दोन वर्षं. लाल आहे ही." मग रजिस्टर मिटलं. "तुला सांगायला हवं होतं मी. आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही, म्हणून तुलाही ठाऊक असेल असं धरून चालले. अंदाजे."

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघी उभ्या राहिलो. बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, ऍप उघडलं आणि मान हलवली.

"मैडम, जन्मतिथि बदलने में बड़ा झमेला है. और महीना तो लॉक हो गया. रिपोर्ट जा चुकी."

"महीना लॉक हुआ है सर, लड़की नहीं."

"अगले वजन दिवस में लाल कर दीजिएगा. दस-बारह दिन की तो बात है."

"दस कि बारह?" बाईंनी विचारलं.

"क्या?"

"दस दिन कि बारह दिन? उसकी माँ को क्या बोलूँ?"

साहेब म्हणाले, "आप घर जाके आराम कीजिए." माझ्याकडे बघून ते डोळ्यानंच म्हणाले, की सांभाळा जरा यांना. आणि ऐका, तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिला विचार कुठला आला? की आता ही चूक माझ्या नावावर चढणार. पोरीचा विचार दुसरा आला. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

बाईंनी टेबलावरून कोऱ्या चिठ्ठीचं पुस्तक उचललं, गुडियाचं नाव घातलं, 'लाल श्रेणी' लिहिलं आणि अधिकाऱ्याच्या सहीच्या जागी ठसठशीत स्वतःची सही ठोकली. "बाई, नोकरी जाईल," मी म्हटलं. "जाऊ दे. चारच महिने उरलेत." ऑटोत बसल्यावर त्या वॉर्डातल्या सिस्टरशी फोनवर भांडल्या आणि खाट अडवून ठेवली. "रिकामी आहे. एक आहे. दुपारपर्यंत धरून ठेवते म्हणाली." मग मला म्हणाल्या, "पोरीला तू घे मांडीवर. आईला सामान बांधू दे."

घरापुढे म्हातारी बसली होती. मला बघून उठली नाही. आत अंधारात गुडियाची आई भिंतीकडे तोंड करून आडवी पडलेली. कुणी काही सांगायच्या आधीच मला कळलं, आणि तरी मी वेड्यासारखं विचारलं, "गुडिया कहाँ है?"

म्हातारीनं सांगितलं. चार दिवसांपूर्वी जुलाब लागले. मग ताप. दुकानातून पुडी आणली. काल पहाटे गेली. त्यांच्यात दोन वर्षांच्या आतल्या लेकराला अग्नी देत नाहीत, दगड बांधून गंगेत सोडतात. दोन पूर्ण झाली की आग द्यायची, माणसासारखी. बाप पोरीला घेऊन मणिकर्णिकेवर गेला. तिथे कुणीतरी विचारलं, कितने की है? म्हातारी म्हणत होती, दोन झाली, पूर्ण झाली. बापानं खिशातून कार्ड काढलं. माझं कार्ड. सगळ्या पुरुषांनी वाचलं.

"हम चिल्लात रहली कि दू बरिस हो गयल," म्हातारी म्हणाली. "केहू ना सुनलस. कहलन, कागज में तेइस महीना लिखल हौ, औरत-मेहरारू के का पता. नाव में बैठाके बीच धार में ले गइलन."

बाई माझ्याकडे वळल्या. "सांग तिला."

"बाई, आत्ता नको..."

"आत्ता. तुझ्या तोंडानं."

मी त्या मातीत खाली बसले. काय बोलले ते सगळं धड आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हटलं, अम्मा, आप ठीक बोल रही थीं, गलती मेरी है, मैंने एक महीना कम लिख दिया. ठीक लिखती तो अस्पताल में खटिया मिलती. हेही सांगितलं, कारण बाई उभ्या होत्या आणि ते गाळू देणार नव्हत्या. म्हातारीनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, तोंडावर थुंकावं, मी त्याच्यासाठीच बसले होते.

ती उठली, आत गेली आणि कार्ड घेऊन आली. बापानं परत आणलं होतं, घडीवर पाण्याचा डाग होता. ते माझ्या हातात दिलं.

"त ठीक करके लिख दा," ती म्हणाली. "दू बरिस, चउदह दिन."

बाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. षष्ठीपासून कालपर्यंत. ओठ हलताना मला दिसत होते. "चौदा," त्या म्हणाल्या. "बरोबर चौदा." मग माझ्याकडे बघून, आवाज चिरकेपर्यंत ओरडल्या, "हिला नोकरीवर घ्या म्हणावं त्या साहेबाला! आणि तुला नि मला घरी बसवा! लिही!"

मी '23 माह' खोडलं. त्याच्या वर, मिळेल त्या जागेत लिहिलं. दो वर्ष, चौदह दिन. खाली सही केली. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेऊन ती जागा नीट पाहिली, बोटानं चाचपली. मग बाईंना विचारलं, आता तरी अग्नी मिळेल ना पोरीला. "अब त आग मिली न?"

मी 'हो' म्हणणार होते. कुणीही म्हटलं असतं. तोंड उघडलंही होतं. बाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"नाहीं अम्मा," त्या म्हणाल्या. "अब नाहीं मिली."